काचेवरचा कडा

टेबलासारखा एक मोठा सांगाडा आणि त्यावर जाड काचेचा तक्ता. काचेच्या मधोमध फूटभर रुंदीची फळी. फळीच्या एका बाजूला काचेला अगदी लागून, खालच्या अंगाने चौकटीचौकटींचं कापड लावलेलं. दुसऱ्या बाजूलाही तसलंच कापड, पण ते काचेपासून तीन-साडेतीन फूट खाली, जमिनीवर अंथरलेलं. हात लावून पाहिलं तर काच दोन्हीकडे सारखीच टणक. डोळ्यांना मात्र एका बाजूला जमीन दिसते आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली तुटलेला कडा.

या फळीवर रांगतं मूल आणून ठेवायचं. आई एका टोकाला उभी राहून हातातलं भिरभिरं फिरवत त्याला हाका मारणार, एकदा या बाजूने, एकदा त्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 36 मुलांना असं फळीवर ठेवून पाहिलं. मुलं सहा ते चौदा महिन्यांची होती. नऊ जणांनी फळी सोडलीच नाही. उरलेली 27 मुलं ‘जमिनी’च्या बाजूने निदान एकदा तरी गेली, ‘कड्या’वर गेली फक्त तीन. बाकीच्यांपैकी कुणी, आई समोरून बोलावत असताना, चक्क उलट्या दिशेने रांगत निघून गेलं. कुणी भोकाड पसरलं. काहींनी काचेवर थापट्या मारून पाहिल्या. ती टणक आहे हे हाताला कळलं, तरीही ती मागे सरली. हाताची साक्ष डोळ्यांपुढे टिकली नाही.

एप्रिल 1960 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात हा प्रयोग फोटोंसह छापून आला आणि ‘व्हिज्युअल क्लिफ’ या नावाने जगभर पोचला. मानसशास्त्राचं प्राथमिक पाठ्यपुस्तक उघडावं आणि त्यात काचेच्या काठाशी थबकलेलं ते बाळ नसावं, असं क्वचितच होतं. त्या वेळी गिब्सनबाई 49 वर्षांच्या होत्या. पदरी येल विद्यापीठाची डॉक्टरेट होती, प्रयोगशाळेतला पंचवीसेक वर्षांचा अनुभव होता, दोन मुलं मोठी होत आली होती. आणि ज्या विद्यापीठात हा प्रयोग झाला तिथे त्यांना पगारी जागा नव्हती.

एलेनॉर जॅक यांचा जन्म 7 डिसेंबर 1910 रोजी इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी झाला. ओळखीपाळखीचे लोक त्यांना शेवटपर्यंत ‘जॅकी’ म्हणत. सोळाव्या वर्षी त्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात दाखल झाल्या. हे मुलींचं कॉलेज. तिथे मुलींनी विज्ञान शिकावं का, असला प्रश्न कुणाला पडत नसे आणि मानसशास्त्राच्या विभागात मुली स्वतःच्या हाताने प्रयोग करत. कॉलेजच्या एका उद्यानसमारंभात अचानक पाऊस आला आणि आडोशाला थांबलेल्या जॅकीची गाठ जेम्स गिब्सन या तरुण प्राध्यापकाशी पडली. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांच्या प्रायोगिक मानसशास्त्राच्या वर्गात नाव घातलं. 1932 मध्ये दोघांचं लग्न झालं.

हे लग्न म्हणजे मानसशास्त्राच्या इतिहासातली एक मोठी भागीदारी, असं सरसकट लिहिलं जातं. ते खरं असलं तरी अर्धंच खरं आहे. जेम्स हे सिद्धान्ताचे माणूस. डोळ्यांपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात जगाची किती माहिती आधीच भरलेली असते, याचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. एलेनॉर यांना प्रश्न पडे तो शिकण्याचा: ही माहिती वेचायला प्राणी कसा शिकतो, मूल कसं शिकतं? दोघं एका घरात राहूनही संशोधन बहुतांशी वेगवेगळं करत. एकत्र लिहिलेले निबंध मोजकेच आहेत.

1935 मध्ये त्या येलला गेल्या त्या रॉबर्ट यर्क्स यांच्याकडे काम करायच्या इराद्याने. यर्क्स हे वानरांच्या अभ्यासातलं तेव्हाचं सर्वांत मोठं नाव. गिब्सनबाईंनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, त्यांनी आपला हेतू सांगताच यर्क्स उठले, दार उघडून धरलं आणि आपल्या प्रयोगशाळेत बायका नसतात एवढं सांगून त्यांना वाटेला लावलं. मग त्या क्लार्क हल यांच्याकडे गेल्या. हल हे कट्टर वर्तनवादी. उंदीर चक्रव्यूहातून वाट काढतो त्यामागे गणिती नियम असतात आणि माणसाचं शिकणंही त्यांतच बसवता येईल, ही त्यांची श्रद्धा. गिब्सनबाईंचा त्या मांडणीवर पुरता विश्वास नव्हता, पण मार्गदर्शक मिळाला होता. हल यांच्याच परिभाषेत त्यांनी आपला मुद्दा बसवला: दोन गोष्टी सारख्या वाटल्या की पाठांतरात घोळ होतो आणि त्या वेगळ्या ओळखू येऊ लागल्या की घोळ मिटतो. 1938 मध्ये डॉक्टरेट हातात पडली. वेगळं ओळखता येणं हा धागा तिथून पुढे साठेक वर्षं त्यांच्या कामात टिकला.

मग महायुद्ध आलं. जेम्स हवाई दलाच्या मानसशास्त्रीय तुकडीत गेले, वैमानिक निवडण्याच्या चाचण्या तयार करू लागले आणि कुटुंब त्यांच्यामागे टेक्सासला, तिथून कॅलिफोर्नियाला. मुलगा 1940 चा, मुलगी 1943 ची. या वर्षांत गिब्सनबाईंचं संशोधन थांबलं. युद्धानंतर स्मिथला परतून थोडा काळ शिकवलं, तोच 1949 मध्ये जेम्स यांना न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठाने बोलावलं. तिथे नवरा-बायको दोघांनाही प्राध्यापक नेमायचं नाही असा नियम होता. नात्यागोत्याची वशिलेबाजी रोखायला असे नियम तेव्हा अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत होते. कागदावर ते कुणालाही लागू. बाहेर राहायची वेळ बहुधा बायकोवर यायची. गिब्सनबाईंना मिळालं ते ‘रिसर्च असोसिएट’ हे बिनपगारी पद. ना स्वतःची प्रयोगशाळा, ना स्वतःचे विद्यार्थी. दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्या कुणाच्या तरी प्रकल्पाशी जमवून घेत काम करायचं. असं सोळा वर्षं चाललं.

पहिली जागा मिळाली ती शेळ्यांच्या गोठ्यात. हॉवर्ड लिडेल नावाचे संशोधक गावाबाहेरच्या ‘बिहेवियर फार्म’वर शेळ्या-मेंढ्यांवर प्रयोग करत. गिब्सनबाईंना तिथे करडं आणि त्यांच्या आया यांचं नातं अभ्यासायचं होतं. करडू जन्मताच शेळीने चाटण्याआधी त्याला बाजूला घ्यायचं, धुवायचं आणि पुढे काय होतं ते पाहायचं. एकदा जुळं होणार होतं. पहिलं करडू धुऊन झालं, दुसरं यायच्या बेतात. हातातलं ओलं करडू ठेवायचं कुठे? फार्म सांभाळणाऱ्या माणसाने शांतपणे सांगितलं की, ठेवा त्या उंच स्टँडवर. जन्माला येऊन काही मिनिटं झालेलं करडू त्या माणसाच्या उंचीच्या चिंचोळ्या स्टँडवर निमूट उभं राहिलं. खाली पडलं नाही, उडीही मारली नाही. शेरडं पाळणाऱ्या कुणालाही यात नवल वाटलं नसतं. येलच्या डॉक्टरेटला वाटलं.

त्या अभ्यासाचा शेवट मात्र कपाळाला हात लावावा असा झाला. सुट्टीनंतर परत येऊन पाहतात तर प्रयोगातली काही करडं गायब. कुणीतरी ईस्टरची भेट म्हणून ती वाटून टाकली होती. तुलनेसाठी राखलेला गटच मोडला, म्हणजे प्रयोग बुडाला. पगारी प्राध्यापकाच्या प्रयोगातली जनावरं अशी वाटली गेली असती का, हा प्रश्न इथे मनात येतोच. गिब्सनबाईंनी फार्म सोडलं.

पुढची काही वर्षं त्यांनी एका वेगळ्याच प्रश्नात घातली आणि त्यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं काय, असं विचारलं तर काचेच्या कड्याआधी याचंच नाव घ्यायला हवं. 1955 मध्ये जेम्स यांच्यासोबत त्यांनी एक निबंध लिहिला. पाहण्या-ऐकण्याचं शिकणं म्हणजे नेमकं काय होतं? त्या काळचं रूढ उत्तर असं की, इंद्रियांकडून मिळते ती तुटपुंजी, कच्ची माहिती. मन अनुभवाच्या जोरावर तिच्यात भर घालतं, जुन्या आठवणी जोडतं आणि मग आपल्याला जग दिसतं. गिब्सन दांपत्याने हे उलटं केलं. जगाकडून येणारी माहिती भरपूर असते. शिकणारा तिच्यात काही भरत नाही, तिच्यातले बारकावे वेगळे काढायला शिकतो. हापूसच्या मोसमात मुरलेला व्यापारी देवगडचा आंबा आणि दुसरीकडचा आंबा वासावर आणि सालीवर ओळखतो तेव्हा त्याने आंब्याला स्वतःचं काही जोडलेलं नसतं. जो फरक फळात आधीपासून होता तो त्याला दिसू लागलेला असतो, आपल्याला अजून दिसत नाही इतकंच.

हे सिद्ध करायला त्यांनी वापरली साधी गिरगोट. कागदाच्या तुकड्यांवर स्प्रिंगसारखी वेटोळी काढली. एक मूळ आकृती, बाकीच्या तिच्याच बहिणी: कुणात एक वेटोळं जास्त, कुणी जरा दाबलेली, कुणी उलट्या अंगाची. मूळ आकृती दाखवायची, मग गठ्ठ्यातून एकेक कागद पुढे करून विचारायचं की, हीच का ती? बरोबर की चूक हे सांगायचं नाही. तरीही फेरीगणिक लोक सुधारत गेले. मोठ्या माणसांना सरासरी तीनेक फेऱ्या पुरल्या. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना त्याच्या दुपटीहून जास्त लागल्या आणि काहींना शेवटपर्यंत जमलं नाही. खाऊ नाही, शाबासकी नाही, चुकीला शिक्षा नाही, तरी शिकणं झालं होतं. हल यांच्या परंपरेत वाढलेल्या मानसशास्त्रज्ञांना हे पचणं अवघड होतं आणि त्यावर खडाजंगीही झाली.

आता उंदरांकडे. रिचर्ड वॉक हे कॉर्नेलमध्ये नव्याने आलेले प्राध्यापक. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती आणि गिब्सनबाईंकडे प्रश्न. दोघांनी उंदरांची पिल्लं काळ्याकुट्ट अंधारात वाढवायला घेतली. उजेड कधीच न पाहिलेल्या प्राण्याला आकार ओळखता येतात का, हे पाहायचं होतं. अंधारात उंदीर पोसणं हे भलतं जिकिरीचं काम. खाणं-पाणी, साफसफाई सगळं चाचपडत. तीन महिने असे काढल्यावर एकाच चाचणीसाठी ते उंदीर वापरायचे म्हणजे केवढी मेहनत वाया! म्हणून याच उंदरांवर आणखी काय करून पाहता येईल याचा विचार सुरू झाला. सहायक थॉमस टाय यांच्यासह घाईघाईत एक जुगाड उभं राहिलं. काचेचा तक्ता दांड्यांवर बसवला, एका बाजूला खालून भिंतीला लावायचा नक्षीचा कागद चिकटवला, दुसरी बाजू मोकळी; तिथून थेट खालची जमीन दिसायची. मधल्या फळीवर उंदीर सोडले. जन्मात पहिल्यांदा उजेडात आलेले उंदीर आणि रोजचे उजेडातले उंदीर, जवळजवळ सगळेच कागदाच्या बाजूला उतरले. शंका फिटावी म्हणून काचेच्या दोन्ही बाजूंना खालून कागद लावून पाहिला, तर उंदीर कुठल्याही बाजूला सारखेच जाऊ लागले. काचेच्या चकाकीचा किंवा वासाचा यात काही हात नव्हता. खोलीच होती ती.

ग्रँड कॅन्यनच्या काठावर सहलीला गेलेल्या गिब्सनबाईंना आपली मुलगी कड्यावरून पडेल अशी धास्ती वाटली आणि त्यातून हा प्रयोग सुचला, अशी कथा अनेक पुस्तकांत सापडते. सहल खरी आहे. पण बाईंनी स्वतः प्रयोगाचं मूळ सांगताना कॅन्यनपेक्षा अंधारातल्या उंदरांकडे बोट दाखवलं आहे. आईची काळजी हे मूळ कथेत शोभून दिसतं. काटकसर आणि चिकाटी हे तितकं शोभत नाही, म्हणून बहुधा पहिलंच टिकलं.

मग प्राण्यांची रांगच लागली. अंड्यातून बाहेर येऊन चोवीस तासही न झालेली कोंबडीची पिल्लं कड्याकडे फिरकली नाहीत. करडं आणि कोकरं उभी राहू लागताच आणली गेली. एकानेही खोल बाजूला पाय टाकला नाही. करडाला काचेवर उभं करून खालची चौकटींची जमीन खाली सरकवली की ते पुढचे पाय ताठ करून, अंग आखडून जागीच गोठायचं. पायाखालची काच तशीच असायची तरीही. उंदीर डोळ्यांपेक्षा मिशांवर जास्त भिस्त ठेवतात हेही इथेच कळलं. मिशा काचेला टेकल्या की ते बिनधास्त खोल बाजूला जात; फळी जरा उंच करून मिशांना काच लागू दिली नाही की मुकाट उथळ बाजूला. पाण्यातली कासवं आणली ती कड्याला भीक घालणार नाहीत अशा अंदाजाने, तर त्यांतलीही तीनचतुर्थांश उथळ बाजूला गेली.

मांजराच्या पिल्लांनी मात्र सगळं गुंतागुंतीचं करून टाकलं. महिनाभर अंधारात वाढवलेली पिल्लं उजेडात आणली तर ती दोन्ही बाजूंना सारखीच रांगत. आठवडाभर उजेडात राहिल्यावर इतर पिल्लांसारखी वागू लागली. म्हणजे उंदराला जे अंधारातून आल्या आल्या जमतं ते मांजराला जमत नाही. एका ओळीत सांगता येईल असा नियम हाताशी लागला नाही.

आणि माणसाचं काय? इथेच या प्रयोगाच्या लोकप्रियतेने घोटाळा केला. ‘उंचीची भीती उपजतच असते हे या प्रयोगाने सिद्ध झालं’ असं वाक्य अजूनही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत सापडेल. गिब्सन आणि वॉक यांनी तसं म्हटलेलं नाही. करडू जन्मताच चालतं, म्हणून जन्मताच तपासता येतं. माणसाचं मूल रांगू लागेपर्यंत सहा-सात महिने जग पाहत असतं. खोली ओळखता येते एवढंच प्रयोगाने दाखवलं, ती कुठून येते हे नाही. शिवाय फोटोंत न दिसणारी एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. अनेक मुलं खोल बाजू टाळत होती खरी, पण वळताना त्यांचा तोल बेतासबात होता. कुणाचा पाय मागच्या मागे काचेवर जाई, कुणी अख्खंच मागे सरकत कड्यावर पोचे. काच नसती तर ती पडली असती. कडा दिसतो याचा अर्थ मूल कड्याजवळ सोडावं असा नाही, हे त्यांनी आईबापांना स्पष्ट बजावलं होतं.

पुढच्या पिढीने चित्र आणखी बदललं. जोसेफ कँपोस आणि सहकाऱ्यांनी 1970 मध्ये दोनेक महिन्यांच्या, अजून न रांगणाऱ्या बाळांना खोल बाजूच्या काचेवर पालथं ठेवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. भीतीने ठोके वाढतात. या बाळांचे मंदावले. बाळ घाबरलं नव्हतं, निरखून पाहत होतं. फरक कळत होता, भीती अजून यायची होती. 1985 मध्ये कँपोस यांच्याच गटाने कड्याची खोली मुद्दाम फक्त फूटभर केली, म्हणजे जावं की न जावं असा संभ्रम पडेल इतकीच. वर्षाच्या मुलाने काठाशी येऊन आईकडे पाहिलं की तिने न बोलता चेहऱ्यावर एक भाव आणायचा. आई हसली तेव्हा 19 पैकी 14 मुलं पलीकडे गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती दिसली तेव्हा 17 पैकी एकही नाही.

गिब्सनबाई स्वतः मात्र तोवर कड्यापासून कधीच दूर गेल्या होत्या. 1960 च्या दशकात अमेरिकेत मुलं वाचायला कशी शिकतात याची मोठी चर्चा सुरू झाली आणि कॉर्नेलमधल्या संशोधनगटात त्या ओढल्या गेल्या. पहिला प्रश्न नेहमीचाच: अक्षर अक्षरापासून वेगळं कसं ओळखायला येतं? अक्षरांसारखे दिसणारे बनावट आकार तयार केले, त्यांच्या उलट्या, फिरवलेल्या, तिरक्या आवृत्त्या केल्या आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना जुळणारे आकार शोधायला सांगितले. चार वर्षांची मुलं उलटा-सुलटा फरक सर्रास चुकवत. आठव्या वर्षापर्यंत ही चूक जवळपास नाहीशी होई. तिरक्या कोनातून पाहिल्यासारखे दिसणारे आकार मात्र मोठी मुलंही ‘तोच’ म्हणत राहिली. याचं कारण मोठं सुरेख आहे. कप डावीकडे वळवला, उलटा केला, लांबून पाहिला तरी कपच. जगात वावरताना मूल हेच शिकलेलं असतं. अक्षरांच्या राज्यात अचानक कायदा बदलतो आणि वळणाची दिशा महत्त्वाची ठरते. आपल्याकडे पहिलीतलं मूल ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गोंधळतं तेव्हा त्याची नजर कमजोर नसते. गाठ, रेघ जोडलेली की तुटलेली, असल्या खुणांना आजवर त्याच्या जगात काही किंमत नव्हती, ती आता आली आहे.

याच काळातला एक किस्सा त्यांचा स्वभाव दाखवतो. इंग्रजीत उच्चारता येणारे निरर्थक शब्द आणि तीच अक्षरं उलटसुलट करून केलेले, तोंडातून बाहेर न पडणारे शब्द क्षणभर पडद्यावर दाखवले, तर पहिल्या प्रकारचे शब्द लोकांना सहज वाचता येत. त्यांनी निष्कर्ष काढला की, उच्चार मदत करतो. मग त्यांनी हेच वॉशिंग्टनमधल्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात करून पाहिलं. ज्यांनी भाषा कधी कानांनी ऐकली नव्हती अशा विद्यार्थ्यांनाही त्याच शब्दांचा तसाच फायदा झाला. तेव्हा उच्चाराची उपपत्ती त्यांनी स्वतःच मोडीत काढली: मदत होते ती स्पेलिंगच्या घडणीची, कोणत्या अक्षरामागे कोणतं अक्षर येऊ शकतं या ओळखीच्या नियमांची. आपल्याच छापील मताविरुद्ध पुरावा शोधायला जाणारे संशोधक फार नसतात. हॅरी लेव्हिन यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं वाचनावरचं जाडजूड पुस्तक 1975 मध्ये निघालं.

दरम्यान साठच्या दशकाच्या मध्यावर कॉर्नेलने अखेर त्यांना प्राध्यापक केलं. वय पंचावन्नच्या आसपास. 1969 मध्ये पाहण्या-ऐकण्याच्या शिकण्यावरचा त्यांचा मुख्य ग्रंथ आला, 1971 मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवड झाली आणि 1972 मध्ये सुझन लिन सेज या नावाचं प्राध्यापकपद मिळालं. देणगीच्या निधीतून चालणारं असं मानाचं पद कॉर्नेलमध्ये मिळवणारी ही पहिली स्त्री. ज्या संस्थेने सोळा वर्षं पगारी जागा दिली नाही तिनेच हा मान दिला, यात काव्यात्म न्याय शोधायचा मोह होतो. पण ती सोळा वर्षं हिशेबातून वजा होत नाहीत. बाळांच्या अभ्यासाची खास स्वतःची प्रयोगशाळा त्यांना सत्तरच्या दशकात, निवृत्ती जवळ आल्यावर मिळाली.

1979 च्या डिसेंबरात जेम्स गेले. त्याच वर्षी त्यांचं शेवटचं पुस्तक आलं होतं आणि त्यातला ‘अफोर्डन्स’ हा विचार पुढे मानसशास्त्राबाहेर, वस्तूंच्या आणि संगणकाच्या रचनाकारांपर्यंत पोचला. वस्तू पाहताना आपल्याला रंग-आकार दिसतात त्याहून आधी तिच्यासोबत काय करता येईल ते दिसतं, असा तो विचार. गुडघ्याइतक्या उंचीचा सपाट दगड बसण्याजोगा दिसतो. पण बसण्याजोगा कुणाला, हे पाहणाऱ्याच्या उंचीवर ठरतं. गिब्सनबाईंनी हा विचार उचलला आणि त्याला आपला प्रश्न जोडला: मुलाला हे दिसू कधी लागतं?

उत्तर शोधायला त्यांनी निवृत्तीनंतर पाण्याची गादी आणली. टणक प्लायवूडवर आणि हलणाऱ्या पाण्याच्या गादीवर सारखंच कापड घालून मुलांना दोन्हींवर सोडलं. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नुसती रांगणारी मुलं दोन्हींवरून फारसा विचार न करता गेली. नुकती चालू लागलेली मुलं टणक पृष्ठभागावर चालत गेली, गादीशी आल्यावर मात्र थांबली, हातापायांनी चाचपली, डोळ्यांनी न्याहाळली आणि बरीचशी खाली बसून रांगत गेली. चार पायांवर असणाऱ्याला लिबलिबीत जमीन चालते, दोन पायांवर उभ्या असणाऱ्याला नाही. जमीन तीच होती, शरीर बदललं होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी अनेक विद्यापीठांत पाहुण्या प्राध्यापक म्हणून शिकवलं. 1992 मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. 2000 मध्ये अ‍ॅन पिक यांच्यासह एक ग्रंथ, 2002 मध्ये आपल्या आणि जेम्स यांच्या कामाच्या आठवणींचं पुस्तक, आणि त्याच वर्षाच्या 30 डिसेंबरला साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया गावी निधन. वय 92.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात हे काम नेलं. त्यांनी काच काढून टाकली. मुलं खऱ्या उतारांवर, खऱ्या फटींवर सोडली जातात. पडू लागली की शेजारी उभा असलेला संशोधक अलगद झेलतो. 2000 मध्ये त्यांनी साडेनऊ महिन्यांच्या मुलांपुढे फट ठेवली. हीच मुलं बसलेली असताना, पलीकडचं खेळणं हाताशी येईल की नाही हे नेमकं जोखत आणि आवाक्याबाहेर असलं तर वाकत नसत. त्याच मुलांना रांगत्या अवस्थेत त्याच फटीपुढे आणलं की ती सरळ पुढे जाऊन फटीत कोसळत. बसण्याचा सराव काही महिन्यांचा होता, रांगण्याचा काही आठवड्यांचा. एकातलं शहाणपण दुसऱ्यात उतरत नव्हतं. उतारांच्या प्रयोगांतही तेच. रांगण्यात पटाईत झालेलं मूल अवघड उतारापाशी थांबतं आणि चालू लागलं की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं.

इतका सराव मूल करतं तरी कधी? 2012 मध्ये अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने 12 ते 19 महिन्यांच्या मुलांना खेळू देऊन त्यांची पावलं मोजली. सरासरी आली तासाला 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं.